गार कार्ड

“म्हणजे बाई, एवढं मोठं ग्राफिक्स कार्ड घातलं तरी गेम अडकणारच?”

मगदूम बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. समोरचा मुलगा होता तिथेच होता.

“असं मी म्हटलं?”

“तुमच्या तोंडावर दिसायलंय.”

“तोंडावर काय दिसणार... दमलेय मी. बस.”

तो बसला नाही.

मी कोपऱ्यातल्या स्टुलावर प्रिंटर मांडीवर घेऊन बसलो होतो. इचलकरंजीत मी गणिताची शिकवणी घेतो. सराव परीक्षा जवळ आली की माझा प्रिंटर कागद खायला लागतो आणि मला बाईंच्या दारात यावं लागतं. नंबर लागेपर्यंत ऐकत बसण्यावाचून तिथे दुसरं काम नसतं. त्या दुपारी जे ऐकलं ते हे.

दुकान कसलं, बाईंच्या घराची पुढची खोली. बाई पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर घर खायला उठलं, म्हणून लोकांना कॉम्प्युटर जोडून द्यायला लागल्या. दाराला पाटी नाही. तरी सांगली-कोल्हापूरकडची गेम खेळणारी पोरं पत्ता विचारत येतात. बोलणं कडू, पण जोडलेलं मशीन दगा देत नाही, एवढीच त्यांची जाहिरात.

आलेला मुलगा यशवर्धन माने. विशीच्या आतबाहेरचा. मनगटाला काळा पट्टा, डोळे जागरणाने लाल. पाच जणांच्या संघाचा तो कर्णधार. बंदुकांचा खेळ, पाच विरुद्ध पाच, प्रत्येकाने आपापल्या घरून खेळायचा. मागच्या स्पर्धेत त्यांना दुसरं बक्षीस मिळालं होतं. त्या पैशात कर्णधाराला एक चांगलं मशीन घ्यायचं सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. त्याहून मोठी स्पर्धा आता तोंडावर आली होती. पैसे मात्र तेवढेच, त्यात वाढ होणार नव्हती.

“गेमिंगचं मशीन म्हणजे कार्ड,” यशवर्धन म्हणाला. “सगळे हेच सांगतात. पैसे कार्डात घाला, बाकी काय पण चालतंय.”

“काय पण म्हणजे?”

“प्रोसेसर माझा जुना आहे की. मदरबोर्ड पण तोच. रॅम आहे तेवढी बास.”

“सप्लाय?”

“पॉवर सप्लाय? मिळंल कुठलातरी.”

“आणि कॅबिनेटचा डबा?”

इथे तो जरा खुलला. “डबा मात्र काचेचा, बाई. आत लाईट. पंखे रंग बदलणारे.”

बाई काही बोलल्या नाहीत. शिकवणाऱ्याचं न बोलणं काय असतं ते मला ठाऊक आहे. वर्गात चुकीचं उत्तर आलं की मीही आधी खिडकीबाहेर बघतो.

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं. पलीकडच्या गल्लीत कापडाचे माग चालू होते. खटखट... खटखट... आमच्या गावात तो आवाज थांबला तरच माणसं मान वर करून बघतात.

“खेळताना चित्र कसं ठेवतोस?” बाईंनी विचारलं. “गवत, सावल्या, पाण्यातली चमक... सगळं भारीतलं?”

“छे. सगळं कमीतकमीवर.”

“का?”

“गवत असलं की त्यात माणूस लपतोय. सावली असली की डोळे फसतात. आमच्यात कोणच चालू ठेवत नाही. मी तर सगळंच बंद करून टाकलंय.” हे सांगताना त्याची मान ताठ झाली.

“बरं. आणि कार्डाचं काम काय?”

“चित्र काढायचं.”

“म्हणजे गवत काढायचं, सावली काढायची.”

“...हां.”

“तू गावातला सगळ्यात महागडा चित्रकार घरी आणणार आणि त्याला सांगणार, बाबा, काही काढू नकोस.”

मला हसू आलं. यशवर्धनला आलं नाही. त्याने माझ्याकडे असं बघितलं की मी उगाच प्रिंटरचं झाकण उघडून आत डोकावू लागलो.

“तरी पण भारी ते भारीच,” तो म्हणाला.

“मशीन आणलंयस तुझं?”

“दारात ठेवलंय.”

“आण आत.”

त्याने आपला जुना डबा आणून टेबलावर ठेवला. बाईंनी गुडघ्यावर हात टेकला, मग टेबलाला धरलं, मग उठल्या. कपाट उघडून त्यांनी एक कार्ड बाहेर काढलं. विटेएवढं जाड, तीन पंख्यांचं. यशवर्धनने दोन्ही हात पुढे केले, देवळात तीर्थ घेताना करतात तसे.

“हे... तेच आहे.”

“तेच. तुझ्यासारख्याच एकानं हौसेनं घेतलं, पेललं नाही, मलाच आणून विकलं. आता येईल त्याला दाखवायला ठेवलंय.”

कार्ड जुन्या डब्यात मावेना. बाईंनी डब्याचं एक दार काढून टाकलं, आतली एक पट्टी सोडवली, कार्ड बसवलं. वीज मात्र त्यांनी स्वतःच्या टेबलावरच्या सप्लायमधून दिली. “तुझ्या डब्यातल्याला ह्याचा भार झेपायचा नाही,” त्या म्हणाल्या. “धूर निघाला तर माझ्याच खोलीत निघेल.”

गेम सुरू झाला आणि यशवर्धन आता मात्र खुर्चीत बसला. बोटं कीबोर्डवर टेकली तसा तो दुसराच माणूस झाला. खांदे उतरले, श्वास सावकाश झाला, सगळी गुर्मी कुठल्या कुठे गेली. मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नाही. पण हात बसलेला माणूस कुठल्याही कामात ओळखू येतो. पोरगा चांगला खेळत होता, खोटं कशाला बोलू.

थोडा वेळ सगळं सुरळीत चाललं. मग दोन्हीकडून गोळीबार सुरू झाला, धूर, पळापळ... आणि पडदा क्षणभर थिजला. पुन्हा चालला. पुन्हा थिजला.

“हां... हेच,” तो म्हणाला. “घरी होतंय तेच.”

“एका आडोशाला जाऊन थांब. हात दे इकडं.”

बाईंनी त्याचा हात धरून उघड्या डब्यात नेला आणि कार्डाच्या पाठीवर टेकवला.

“कसं लागतंय?”

“...गार.”

“पंखे?”

तो वाकून बघू लागला. “फिरायलेच नाहीत.”

बाईंनी तोच हात उचलून प्रोसेसरवरच्या धातूच्या पात्यांकडे नेला. त्याने तो लगेच मागे घेतला.

“तापलंय.”

“कोण कुठं आहे, कुणाची गोळी कुणाला लागली, कोण पडलं, कोण उठलं... सगळं ह्यानं ठरवायचं. ह्यानं सांगितलं की मग कार्डानं चित्र काढायचं. हा मरमर मरायलाय. आणि ते?”

“वाट बघतंय.”

“जे गार आहे ते वाट बघतंय. जे तापलंय ते एकटं ओढतंय. मशीन जोडायचं म्हणजे एवढंच बघायचं असतं, कुठं गार आहे आणि कुठं तापलंय. हात ठेवून बघायचं... बाकी सगळी खोक्यावरची अक्षरं.”

बाई पुन्हा खुर्चीत बसल्या. तेवढ्या बोलण्यानेही त्यांना थकवा आलेला दिसला. पॉलिटेक्निकात हेच वाक्य त्यांनी किती वर्षं, किती पोरांना सांगितलं असेल कोण जाणे.

यशवर्धन आता भराभर बोलायला लागला. हुशार होता तो. हुशार मुलांना एकदा सांगितलं की कळतं, आणि कळलं म्हणजे झालं असं त्यांना वाटतं.

“मग प्रोसेसर नवा. अगदी वरचा नको, मधला. बोर्ड त्याला शोभंल असा. कार्ड पण मधलं, प्रोसेसरच्या मागं-पुढं न होणारं.”

“रॅम?”

“दोन पट्ट्या. एकच मोठी नको.”

“सप्लाय?”

“चांगला. त्यात हात आखडायचा नाही, सगळे त्याच्यावर जगतात.”

“आणि पडदा? तुझा स्क्रीन जुनाच ना? मशीन कितीही पळू दे, पडदा सावकाश असला तर तुझ्या डोळ्यापर्यंत पोचणार काय?”

तो थबकला. हे त्याच्या मनातही आलं नव्हतं. “मग... कार्ड अजून एक पायरी खाली आणायचं. राहिलेल्यात वेगाचा स्क्रीन.”

“डबा?”

आता मात्र त्याला वेळ लागला. त्याने छताकडे बघितलं, बुटाकडे बघितलं.

“पत्र्याचा. पुढं जाळी असलेला. हवा जाईल-येईल असा.”

“लाईट?”

“...नको.”

बाईंनी मान हलवली. मला वाटलं संपलं. मी प्रिंटर उचलून अर्धा उभाही राहिलो. पण यशवर्धनचा चेहरा पडला होता. बारशाला गेलेल्याला नुसता चहा देऊन वाटेला लावावं तसा दिसत होता बिचारा.

“एवढं सगळं मधलं-मधलं,” तो म्हणाला. “ह्यानं जिंकणार व्हय?”

“अडकणार नाही.”

“अडकायचं नाही म्हणजे जिंकायचं नव्हे.”

“नव्हे.”

तो खुर्चीत मागे रेलला. आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं, की तोही दमलेला आहे. नुसत्या जागरणाने नव्हे. हरल्यावर माणूस मनातल्या मनात तोच डाव पुन्हा-पुन्हा खेळतो, त्याने येतो तसला शीण.

“असू दे,” तो म्हणाला. “जिंकायचं मी दुसरीकडनं बघितलंय. सांगलीचा एक पोरगा घेतोय संघात. निशाण असं लावतोय बाई... बघत राहावं.”

“पाच जण आहात ना तुम्ही?”

“एकाला काढतोय.”

“कुणाला?”

“बसूला. बसवराज कोष्टी.”

बाईंचा हात टेबलावरच्या पेचकसाशी चाळा करत होता, तो थांबला.

“करतो काय तो?” त्यांनी विचारलं.

“पाठ राखतो. आम्ही चौघं पुढं घुसतोय, तो मागं. मागनं कोण आलं तर त्यानं थोपवायचं.”

“थोपवत नाही?”

“फायनलला नाही थोपवलं. दोघं मागनं आले, मला पाडलं, खेळ खलास. तो आपला उभाच.”

“विचारलंस त्याला?”

“विचारलं की. अडकलो, म्हणाला. दरवेळी तेच, यश, अडकलो रे.” त्याने तोंड वाकडं केलं. “मी काय सोन्याच्या मशीनवर खेळायलोय? माझं पण अडकतंय. मी नाही रडत बसत.”

“ओळख कधीची तुमची?”

“शाळेपासनं. एका बाकावर.”

“आणि बक्षिसाचे पैसे... त्यात त्याचा वाटा होता?”

“होता.”

“त्यानं दिला?”

यशवर्धनने मनगटावरचा पट्टा काढला, पुन्हा बांधला.

“पहिला तोच म्हणाला. यशला मशीन घेऊया.”

पलीकडे माग खटखटत होते. मला त्या पोराचा राग आला. अगदी उठून दोन शब्द सुनवावेत इतका आला. शिकवणीत मी तेच केलं असतं. बाई मात्र शांत होत्या, का नुसत्याच दमलेल्या होत्या, सांगता येत नाही.

“त्याला सांगितलंस?” बाईंनी विचारलं.

“नाही अजून. संध्याकाळी नावं द्यायची आहेत. दिली की कळंलच त्याला.”

“हं...”

बाई उठल्या. “तुझे पार्ट काढायला वेळ लागेल मला. माळ्यावर आहेत काही. तोवर रिकामा बसू नको. तिकडं खेळ.”

खिडकीखाली एका लाकडी फळीवर उघडं मशीन मांडलं होतं. डबा नाही, काही नाही. नुसता बोर्ड, त्यावर प्रोसेसर आणि त्याचा पंखा, शेजारी एक छोटं जुनाट कार्ड. बाईंनी त्याला दुकानातली डिस्क लावली, आपला पडदा जोडला.

“हे कुणाचं?”

“आहे एकाचं. सफाईला आलंय. अजून हात लावला नाही मी.”

यशवर्धनने कानाला हेडफोन लावले आणि खेळायला लागला. बाई आतल्या खोलीत गेल्या. माळ्यावर चढल्याचा, खोकी सरकवल्याचा मात्र काहीच आवाज आला नाही. त्या दाराआड नुसत्या उभ्या होत्या. मला त्यांच्या पदराचं टोक दिसत होतं.

सुरुवातीला तो झकास खेळला. एकाला पाडलं, दुसऱ्याला पाडलं, स्वतःशीच हसला. मग हळूहळू पडदा दाटू लागला. आधी एखादा हिसका. मग दोन. मग चित्र थांबायचं, आणि पुन्हा चालायचं तेव्हा मधला तुकडाच गायब. तो दाराशी पोचायचा... थांबायचं... आणि पुढचं दिसायचं ते जमिनीवरून, पडलेल्या माणसाच्या डोळ्यांनी. तो मेलेला असायचा.

त्याने खुर्ची पुढे ओढली. मेला. माऊस पुसला. मेला. पट्टा काढून फेकला. मेला.

“बाई...”

“काय रे?” आतून आवाज आला.

“ह्याच्यावर खेळता येत नाही.”

“का?”

“पहिल्यांदा बरं चालतंय. तापलं की संपलं. काही दिसतच नाही हो. माणूस लांब असतोय, आणि एकदम नाकासमोर. मधलं काहीच नाही.”

“मग बघून नको खेळूस.”

“मग कसं?”

“आवाज अडकतोय का?”

त्याने हेडफोन दाबून धरले. “...नाही. आवाज बरोबर येतोय.”

“मग ऐक.”

तो पुन्हा खेळायला बसला. या वेळी त्याने पळापळ केली नाही. एका भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पडदा थिजत होता, सुटत होता, थिजत होता. तो तिकडे बघतच नव्हता. डोळे अर्धे मिटलेले, मान एका बाजूला कललेली.

“मागं...” तो पुटपुटला. “मागं आला. मागं, मागं...”

आणि गप्प झाला.

पडद्यावर कुणीतरी येऊन त्याला गोळी घातली. त्याने बोटही हलवलं नाही. बाई दाराआडून बाहेर आल्या. त्यांच्या हातात एकही खोकं नव्हतं. यशवर्धनच्या ते लक्षातही आलं नाही.

“हे बसू म्हणतोय,” तो म्हणाला. “असंच. माझ्यापेक्षा आधी, सगळ्यांपेक्षा आधी. यश, मागं आला, मागं. आम्हाला वाटायचं, ह्याला कसं काय दिसतंय...”

त्याने हेडफोन काढले.

“बाई... हे कुणाचं मशीन आहे?”

बाईंनी फक्त बोट दाखवलं. प्रोसेसरवरच्या पंख्याकडे.

यशवर्धन वाकला. मीही मान उंचावली. पंखा फिरत होता, पण त्याच्याखालच्या पात्यांमध्ये हवेला फट म्हणून दिसत नव्हती. पांढरट, मऊ, गच्च बसलेलं काहीतरी. धूळ अशी पांढरी नसते. इचलकरंजीत ते काय आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. मागाखाली उडतो तो कापूस, घरातल्या देवाच्या फोटोवरही बसतो.

“त्याच्या घरात खाली माग आहेत,” यशवर्धन हळूच म्हणाला. “वर खोलीत हा खेळतोय.”

“दर महिन्याला आणतो. साफ करून देते. पंधरा दिवसांत परत भरतं.” बाई फळीशेजारच्या स्टुलावर बसल्या. “तुला कधी बोलला नाही?”

“अडकलो, एवढंच...” तो पंख्याकडेच बघत राहिला. “बाई, फायनलला... फायनलला पण तो ओरडला होता. मागं आला म्हणून. मी म्हटलं, गप बस की, मला खेळू दे.”

मगाशी हे त्याने सांगितलं नव्हतं. मला वाटतं, मगाशी ते त्याला आठवतही नव्हतं. माझा राग केव्हाच उतरला होता. आता त्या पोराकडे बघवेना, म्हणून मी प्रिंटरकडे बघत बसलो.

“ह्याला काय घालावं लागंल, बाई?” तो म्हणाला. “प्रोसेसर? माझ्या पैशातनं... आमच्या पैशातनं बघू की. माझा स्क्रीन राहू दे जुनाच.”

“काही घालायला नको त्याला. मशीन बरं आहे. जागा पाहिजे, कापूस उडत नाही अशी.”

“त्याच्या घरात तशी जागा नाही.”

“नाही.”

“माझ्या घरात...” तो म्हणाला आणि थांबला.

बाईंनी मशीन बंद केलं. पंखा गरगरत मंदावला, थांबला. चार पेच सोडवून त्यांनी तो बाजूला काढला. मग चिमट्याने पात्यांमधल्या कापसाचं टोक धरलं आणि सावकाश ओढलं. अख्खाच्या अख्खा निघाला तो, पात्यांचे वळ उमटलेला, बोटभर जाड पापुद्रा. मग पात्यांच्या मधून खिडकीतला उजेड दिसला.

“हात पुढं कर.”

त्याने केला. बाईंनी तो कापूस त्याच्या तळहातावर ठेवला.

तो दचकला. “गरम आहे.”

“हं.”

त्याची नजर दुसऱ्या टेबलाकडे गेली. त्याच्या जुन्या डब्यात ते तीन पंख्यांचं कार्ड अजून बसलेलं होतं. त्याने मोकळा हात लांबवला आणि पुन्हा एकदा त्याच्या पाठीवर ठेवला. एका हाताखाली ते गार कार्ड, एका हातात हा गरम कापूस. असा तो मधोमध उभा राहिला.

बाईंनी ब्रश घेतला आणि राहिलेली पाती झाडायला सुरुवात केली. मला त्यांनी खुणेनेच सांगितलं, थांबा, तुमचं आता बघते. बाहेर माग चाललेच होते.

“बाई,” यशवर्धन म्हणाला, “हे... टाकू कुठं?”

बाईंनी मान वर केली नाही.

“नावं संध्याकाळी द्यायची आहेत ना?”

“हां.”

“तोवर राहू दे हातात.”